नाकूबाईचं टिंब

तळ्याला दोन काठ असतात. एक अलीकडचा. एक पलीकडचा.

अलीकडच्या काठावर राहायची एक चिचुंद्री. एवढीशी. भुईमुगाच्या शेंगेपेक्षा जरा मोठी, लिंबापेक्षा जरा लहान. नाक मात्र लांबच लांब. म्हणून सगळे तिला म्हणायचे नाकूबाई.

पलीकडच्या काठावर राहायचा तिचा भाऊ. त्याला झालं होतं बाळ. बाळाला झाले होते बारा दिवस. आज बाळाचं बारसं.

बाळाला अजून नाव नव्हतं. कुणी म्हणायचं, "ए." कुणी म्हणायचं, "हे बघ." बाळाला कळायचंच नाही, आपल्याला हाक मारली की मांजर आलं.

नाव कोण ठेवणार? आत्या ठेवणार. आत्यानं बाळाच्या कानाशी जायचं. हळूच नाव सांगायचं. कुर्रर्रर्र! मग ते नाव बाळाचं. दुसऱ्या कुणी सांगितलेलं चालत नाही. आणि बाळाला आत्या एकच. आपली नाकूबाई.

ऊन उतरायच्या आत पोचायचं होतं. तळ्याला वळसा घालून चालत गेलं, तर नाकूबाईच्या पायांना तीन दिवस लागले असते.

पण नाकूबाईकडे होडी होती.

फुगवायची होडी. पिवळी पिवळी, रबराची. पोळीच्या डब्याएवढी. तोंडानं फू फू फू केलं, की होडी टम्म. बूच लावलं, की होडी तय्यार.

होडीला कसं जपावं, ते नाकूबाईकडून शिकावं. असं सगळे म्हणायचे. म्हणजे, नाकूबाईच म्हणायची.

तिच्याकडे होडीची एक वही होती. वहीत ती रोज लिहायची. "सकाळी होडी पुसली. दुपारी होडी पुसली. संध्याकाळी होडी पुसायची गरज नव्हती. तरी पुसली."

वहीत होडीचे नियम होते. आज तिनं नियम पुन्हा सुवाच्य अक्षरात लिहायला घेतले. बारशाला जायच्या आधी होडीची वही कशी नीटनेटकी हवी.

तिनं होडी फुगवली. टम्म. होडीवर वही ठेवली. होडी कशी मऊ, टेकून लिहायला बरी. पेन्सिलीला टोक काढलं. खर्र खर्र. आणि लिहिलं:

"नियम पहिला. होडी उन्हात ठेवू नये."

"नियम दुसरा. होडीला नखं लावू नयेत."

"नियम तिसरा. होडीजवळ टोकदार वस्तू आणू नये."

वाक्य झालं. आता टिंब. नाकूबाईला टिंब कसं ठसठशीत लागायचं. तिनं पेन्सिल धरली. दोन्ही हातांनी धरली. डोळे मिटले. आणि दिलं टिंब दाबून.

टुच्च!

आणि मग?

फुस्सस्सस्स...

नाकूबाई खाली खाली गेली. वही खाली खाली गेली. होडी झाली घडी घातलेल्या रुमालासारखी.

नाकूबाईनं पेन्सिल कानावर खोचली. वर पाहिलं. मागं पाहिलं. होडीखाली पाहिलं. कुणीच नव्हतं. म्हणजे पळून गेलं असणार.

बांबूवर एक खंड्या बसला होता. निळा निळा. सकाळपासून बसला होता. तो म्हणाला, मी पाहिलंय, सांगू का? नाकूबाई म्हणाली, तुझीच चोच टोकदार दिसते, तू तर बोलूच नकोस. खंड्यानं चोच मिटली.

नाकूबाईनं होडी डोक्यावर घेतली. वही काखेत मारली. आणि निघाली.

तुरु तुरु तुरु. तुरु तुरु तुरु.

रस्त्याच्या कडेला चिंचेखाली मुनीरचाचा बसले होते. मुनीरचाचा पंक्चर काढायचे. सायकलचं काढायचे, गाडीचं काढायचे, एकदा त्यांनी पोरांच्या फुटबॉलचंही काढलं होतं.

"चुं चुं, चाचा, चाचा, ठिगळ लावा ना," नाकूबाई म्हणाली.

"होडी काही फुगेना,
बाळाला नाव मिळेना.
आणि हे कशामुळं?
कुणीतरी होडीला भोक पाडलं."

चाचांनी चष्मा लावला. होडीत जरा हवा भरली आणि ती घमेल्यातल्या पाण्यात बुडवली. बुडुक बुडुक बुडुक. बुडबुडे आले. चाचांनी भोक पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. म्हणाले, काट्याचं भोक असं नसतं. हे गोल आहे. आणि कडेला काळं काळं आहे.

नाकूबाई म्हणाली, मग काळा काटा असेल.

चाचा मिशीत हसले. मग म्हणाले, "लावीन की. का नाही लावणार? पण आधी घासायचा कागद आण. खरखरीत घासलं नाही, तर ठिगळ चिकटत नाही. माझा कागद झिजून पार गुळगुळीत झालाय."

नाकूबाईनं होडी चाचांपाशी ठेवली. कागद कुणाकडे? सुतारांकडे.

तुरु तुरु तुरु. तुरु तुरु तुरु.

सुतारनाना पाट तासत होते. समोर भुसा. मागं भुसा. मिशीवर भुसा.

"चुं चुं, नाना, नाना, घासायचा कागद द्या ना.

चाचा ठिगळ लावीनात,
होडी काही फुगेना,
बाळाला नाव मिळेना.
आणि हे कशामुळं?
कुणीतरी होडीला भोक पाडलं."

नानांच्या कानावर पेन्सिल होती. जाडजूड. चपटी. अगदी बोथट. नाकूबाईला त्या पेन्सिलीची कीव आली. तिनं आपल्या कानावरची पेन्सिल जरा पुढं सरकवली. नानांना दिसावी म्हणून.

नानांना दिसली. नाना म्हणाले, टोक बरंच आहे गं. नाकूबाई म्हणाली, रोज काढते.

"हं," नाना म्हणाले. "कागद देईन की. का नाही देणार? पण आधी चहा आण. चहा घेतल्याशिवाय माझा हातच उठत नाही."

चहा कुणाकडे? शेवंतामावशीकडे.

तुरु तुरु तुरु. तुरु तुरु तुरु.

शेवंतामावशीची टपरी वडाखाली. शेगडी पेटलेली. पातेलं रिकामं.

"चुं चुं, मावशी, मावशी, चहा कर ना.

नाना कागद देईनात,
चाचा ठिगळ लावीनात,
होडी काही फुगेना,
बाळाला नाव मिळेना.
आणि हे कशामुळं?
कुणीतरी होडीला भोक पाडलं."

मावशीला फार वाईट वाटलं. तिनं विचारलं, होडीला जपत नव्हतीस का गं?

असं कुणी नाकूबाईला विचारावं? तिनं काखेतली वही काढली. पान उघडलं. मावशीच्या नाकासमोर धरलं. हे बघ नियम, म्हणाली.

मावशीनं पहिला नियम वाचला. दुसरा वाचला. तिसरा वाचला. मग नाकूबाईच्या कानाकडे पाहिलं. मग तिसरा पुन्हा वाचला. मग तिला एकदम खोकला आला. खोकत खोकत ती पातेल्याच्या मागं गेली. बराच वेळ खोकत राहिली.

बाहेर आली तेव्हा तिचे डोळे ओले होते. म्हणाली, "चहा करीन की. का नाही करणार? पण आधी दूध आण. दूध संपलंय. कोरा चहा नानांना चालत नाही. मागं एकदा दिला, तर त्यांनी तुळशीला घातला."

दूध कुणाकडे? मथुरा म्हशीकडे.

तुरु तुरु तुरु. तुरु तुरु तुरु.

मथुरा म्हैस गोठ्यासमोर उभी होती. काळी काळी. भली मोठी. शेपटी इकडे, फट्. शेपटी तिकडे, फट्.

"चुं चुं, मथुराबाई, मथुराबाई, दूध दे ना.

मावशी चहा करीना,
नाना कागद देईनात,
चाचा ठिगळ लावीनात,
होडी काही फुगेना,
बाळाला नाव मिळेना.
आणि हे कशामुळं?
कुणीतरी होडीला भोक पाडलं."

मथुरानं आधी इकडे तिकडे पाहिलं. कोण बोलतंय? मग खाली पाहिलं. अगदी खाली. मग म्हणाली, "दूध देईन की. का नाही देणार? पण आधी मला डुंबू दे. अंग कसं तापलंय. समोर तळं दिसतंय, पण माझं दावं काही तिथवर पोचत नाही."

नाकूबाईनं दावं ओढून पाहिलं. दाव्याची गाठ नाकूबाईपेक्षा मोठी होती. तिनं गाठीला धक्का दिला. गाठ हलली नाही. नाकूबाईच मागं पडली. धप्प.

दावं कोण सोडणार? केरबाआबा सोडणार. म्हैस त्यांचीच.

नाकूबाईनं वर पाहिलं. ऊन डोक्यावर होतं, ते आता जरा खाली आलं होतं.

तुरु तुरु तुरु, तुरु तुरु तुरु. आता जरा पळतच.

केरबाआबा ओट्यावर बसले होते. एका पायात वहाण. दुसऱ्या पायात काहीच नाही. दुसरी वहाण हातात.

"चुं चुं, आबा, आबा, दावं सोडा ना.

म्हैस दूध देईना,
मावशी चहा करीना,
नाना कागद देईनात,
चाचा ठिगळ लावीनात,
होडी काही फुगेना,
बाळाला नाव मिळेना.
आणि हे कशामुळं?
कुणीतरी होडीला भोक पाडलं."

"दावं सोडीन की. का नाही सोडणार?" आबा म्हणाले. "पण आधी ही वहाण बघ."

आबांची वहाण रबराची होती. तिचा पट्टा सैल झाला होता. आबा पुढं जायचे आणि वहाण मागं राहायची. मग आबा वहाणेसाठी मागं यायचे. असं करत करत सकाळपासून ते ओट्यापासून आंब्यापर्यंत गेले होते आणि परत आले होते. तळ्याकाठी तर काटेच काटे. अनवाणी कसं जाणार?

पट्ट्याला एक नवं भोक हवं होतं. बारीकसं. मग बक्कल घट्ट बसलं असतं. पण आबांचे हात थरथरायचे. भोक काही पडेना.

"कुणीतरी एक भोक पाडून द्यायला हवं," आबा म्हणाले.

नाकूबाईनं विचार केला. खूप विचार केला. नाक वर करून केला. मग म्हणाली, "आबा, आज सकाळी कुणीतरी माझ्या होडीला भोक पाडलं ना. फार छान पाडलं. गोल, बारीक, एका फटक्यात. ते कुणीतरी मला सापडलं, की मी तुमच्याकडे घेऊन येते."

आणि ती निघालीसुद्धा.

आबा म्हणाले, "थांब पोरी. तुझ्या कानावर काय आहे?"

"पेन्सिल."

"टोकदार आहे?"

"रोज टोक काढते," नाकूबाई म्हणाली.

आबा म्हणाले, मग तूच पाड की भोक.

नाकूबाईला हसू आलं. मी? मी आणि भोक? मी तर होडीला दिवसातून तीनदा पुसणारी. पण बाळ वाट पाहत होतं. ऊन उतरत होतं. ती वहाणेवर चढली. पट्ट्यावर उभी राहिली. पेन्सिल धरली. दोन्ही हातांनी धरली. डोळे मिटले. आणि टिंब देतात ना, तसं दिलं दाबून.

टुच्च!

नाकूबाईनं एक डोळा उघडला.

हा आवाज. हा आवाज कुठंतरी ऐकलाय.

तिनं दुसरा डोळा उघडला. पट्ट्याला भोक पडलं होतं. गोल. बारीक. कडेला काळं काळं.

तिनं हळूच वही काढली. पान उघडलं. नियम पहिला. टिंब होतं. नियम दुसरा. टिंब होतं. नियम तिसरा. होडीजवळ टोकदार वस्तू आणू नये.

टिंब नव्हतं. टिंबाच्या जागी भोक होतं.

नाकूबाईनं भोकाला डोळा लावला. भोकातून पलीकडचं दिसलं. पलीकडे आबांचा एक डोळा होता. तो हसत होता.

नाकूबाईचं नाक खाली खाली गेलं. खाली खाली. पार पायाच्या अंगठ्याला लागलं. आबा म्हणाले, नाक मग खाली घाल, आधी म्हैस सोडू.

आबांनी वहाण घातली. बक्कल लावलं. खट्. आबा पुढं, वहाणही पुढं.

चट्टाक फट्टाक, चट्टाक फट्टाक. आबा निघाले. मागून नाकूबाई. तुरु... तुरु... तुरु.

आबांनी दावं सोडलं.

मथुरा गेली तळ्यात. डुब्बुक! एवढी मोठी लाट आली, की नाकूबाई न्हाऊन निघाली. नाकातून पाणी, कानातून पाणी. नाकूबाईला वाटलं, मला असंच पाहिजे.

मथुरा डुंबली. खूश झाली. तिनं दूध दिलं. चर्र चर्र चर्र. आबांनी दुधाची किटली मावशीला नेऊन दिली.

मावशीनं चहा केला. खळ्ळ खळ्ळ खळ्ळ. आलं घातलं. साखर घातली. नाकूबाईनं विचारलं, मावशी, मघाशी तुला खोकला आला होता, तो खरा होता का? मावशी म्हणाली, नव्हता गं बाई.

नानांनी चहा घेतला. फुर्र फुर्र फुर्र. त्यांचा हात उठला. त्यांनी कागदाचा तुकडा फाडून दिला. चर्र्. नखाएवढा. खरखरीत.

नाकूबाईनं कागद दातात धरला. आणि धावली. तुरुतुरुतुरुतुरु.

चाचांनी होडी पुसून कोरडी केली. भोकाभोवती घासलं. खस खस खस. जुन्या ट्यूबचं एक गोल ठिगळ कापलं. काळं काळं. होडीला सोल्युशन लावलं. ठिगळाला सोल्युशन लावलं. आणि हात बांधून बसले.

नाकूबाई म्हणाली, लावा ना आता.

चाचा म्हणाले, सोल्युशन जरा सुकू द्यावं लागतं. घाई केली, तर ठिगळ तळ्याच्या मधोमध निघतं. आणि मग आत्या पण मधोमध.

"किती वेळ सुकू द्यायचं?"

"तुझं ते गाणं आहे ना, ते एकदा म्हण. सगळं म्हण. तेवढा वेळ."

नाकूबाई उभी राहिली. तिनं नाक पुसलं. आणि म्हणाली:

"आबांनी दावं सोडलं,
म्हशीनं दूध दिलं,
मावशीनं चहा केला,
नानांनी कागद दिला,
चाचा ठिगळ लावणार,
होडी आता फुगणार,
बाळाला नाव मिळणार.
आणि हे कशामुळं?"

नाकूबाई थांबली.

चाचा वाट पाहत होते. घमेल्यातलं पाणी वाट पाहत होतं. चिंचेवर खंड्या येऊन बसला होता. तोही वाट पाहत होता.

नाकूबाईनं ठिगळाकडे पाहिलं. मग भोकाकडे पाहिलं. मग अगदी हळू, मुंगीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली,

"मीच होडीला भोक पाडलं."

चाचा हसले नाहीत. त्यांनी ठिगळ उचललं. भोकावर ठेवलं. अंगठ्यानं दाबलं. हातोडीनं हळू हळू ठोकलं. टप टप टप. मग म्हणाले, मला सकाळीच कळलं होतं. भोकाच्या कडेला शिसं लागलं होतं, पेन्सिलीचं.

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस कुठं, बेटी? तू तर सांगत होतीस."

खंड्या म्हणाला, मीही सांगणार होतो. नाकूबाई म्हणाली, खंड्याभाऊ, चुकलं माझं. तुझी चोच टोकदार आहे, पण ती तुझ्याच तोंडावर असते. ती काही होडीवर नसते.

चाचांनी पंप लावला. फुस् फुस् फुस्. होडी टम्म. बूच लावलं. घट्ट. होडी पाण्यात बुडवून पाहिली. एक बुडबुडा नाही. दुसरा बुडबुडा नाही. पिवळ्या पिवळ्या होडीवर काळं काळं ठिगळ. गोल, ठसठशीत. जसं मोठं थोरलं टिंब.

ऊन आता तळ्याच्या पाण्यावर आलं होतं.

नाकूबाई होडीत बसली. वल्हं म्हणजे कुल्फीची काडी. चुबुक चुबुक, चुबुक चुबुक. काठावर चाचा. काठावर नाना. काठावर मावशी. काठावर आबा, दोन्ही पायांत वहाणा. आणि पाण्यात मथुरा, नाकापर्यंत. ती म्हणाली, मी जरा ढकलते. तिनं नुसती फुंकर मारली. फूऽऽऽ.

होडी गेली सुळ्ळकन पलीकडे.

पलीकडे भाऊ उभा होता. त्यानं टाचा उंच केल्या होत्या. वहिनी दारात होती. बाळ पाळण्यात होतं. सगळ्या शेजारणी पाळण्याभोवती बसल्या होत्या. घुगऱ्या गार झाल्या होत्या.

वहिनी म्हणाली, "वन्सं, उशीर कशानं झाला?"

नाकूबाईला म्हणता आलं असतं, कुणीतरी होडीला भोक पाडलं. इथं कुणाला काय माहीत? नानाही नव्हते, चाचाही नव्हते. खंड्या तेवढा होडीमागून उडत आला होता आणि कुंपणावर बसला होता. पण तो काही बोलला नाही.

नाकूबाई म्हणाली, "वहिनी, मीच होडीला भोक पाडलं. नियम लिहिता लिहिता."

भाऊ हसला. वहिनी हसली. शेजारणी हसल्या. आणि गंमत म्हणजे, नाकूबाईलाही हसू आलं. चुं चुं चुं चुं! इतकं आलं, की पेन्सिल कानावरून खाली पडली.

मग ती पाळण्यापाशी गेली. नाव काय ठेवायचं, ते वहीत लिहून आणलं होतं. एकवीस नावांची यादी. पहिलं नाव होतं महापराक्रमराव.

नाकूबाईनं यादीकडे पाहिलं. मग बाळाकडे पाहिलं.

बाळ एवढंसं होतं. गोल होतं. काळं काळं होतं. पांढऱ्या दुपट्यावर मधोमध झोपलं होतं. महापराक्रमराव हे नाव बाळापेक्षा लांब होतं. पाळण्यात मावलंच नसतं.

नाकूबाईनं वही मिटली. बाळाच्या कानाशी नाक नेलं. शेजारणींनी तिच्या पाठीत मारायला हात उगारले. बारशाला आत्याच्या पाठीत मारतातच. आज तर सगळ्यांना जरा जास्तच जोर आला होता.

"कुर्रर्रर्र," नाकूबाई बाळाच्या कानात म्हणाली. "टिंबू."

धप धप धप धप धप!

बाळानं डोळे उघडले. म्हणालं, "चुं."

मग सगळ्यांनी घुगऱ्या खाल्ल्या. गार होत्या, तरी छान होत्या. खंड्यालाही दिल्या. सगळ्यांनी बाळाला हाक मारून पाहिली. टिंबू. टिंबू. ए कुणी म्हणालं नाही.

सगळं झाल्यावर नाकूबाई अंगणात गेली. होडी एका कोपऱ्यात होती. नाकूबाई दुसऱ्या कोपऱ्यात गेली. लांब. दगडावर बसली. दगडावर वही ठेवली. दगड टिचकी मारून पाहिला. टक् टक्. पक्का होता.

तिनं लिहिलं: "आज होडीला भोक पडलं. ते मी पाडलं. चाचांनी ठिगळ लावलं."

मग लिहिलं: "नियम चौथा. होडीवर वही ठेवू नये."

मग लिहिलं: "होडी ठणठणीत आहे"

इथं टिंब द्यायचं होतं. नाकूबाईनं पेन्सिल उचलली. दोन्ही हातांनी धरली. डोळे मिटले.

आणि पेन्सिल खाली ठेवली.

टिंब आत पाळण्यात झोपलं होतं.